दुबार प्रत

दोन हजार नऊ साल. आमच्या बैठकीच्या खोलीत कॉम्प्युटर येऊन तेव्हा बराच काळ लोटला होता. म्हणजे मी त्याच्यासाठी झाकण विणलं होतं, नातीने ते काढून टाकलं होतं, आणि मी ते पुन्हा घातलं होतं. घरात माणसं पाच आणि कॉम्प्युटर एक. पूर्वी न्हाणीघरापुढे जशी रांग लागायची तशी त्याच्यापुढे लागायची, आणि आत गेलेला माणूस बाहेर यायला तसाच वेळ लावायचा.

प्रत्येकाचा त्यात आपापला संसार होता. मुलाला फोटोंचा नाद. माणसांचे काढीच, पण विजेच्या मीटरचे, गळक्या नळाचे, शेजाऱ्याने वाकडी लावलेल्या गाडीचेही काढी, पुरावा म्हणून. नातीचा शाळेचा अभ्यास होता, आणि 'आजी, ते तुझ्यासाठी नाहीये' या सदरात मोडणारं बरंच काही होतं. मी लेकीला लांबलचक पत्रं लिहीत असे. आमच्या ह्यांचं मात्र त्यात काही नव्हतं. ते खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचत आणि मधूनमधून कागदाच्या कडेवरून त्या यंत्राकडे असं बघत, की वाटावं ते भाडं थकवून राहिलंय.

खरा संसार होता सूनबाईचा. ती इमारतींचे नकाशे काढायची. आधी एका मोठ्या ऑफिसात होती, पण तिथले साहेब तिला फक्त जिने काढायला देत. इमारत कोणाचीही असो, जिना हिचा. वर जाणारा जिना, खाली येणारा जिना, आग लागली तर पळायचा जिना. "आई, मला एकदा तरी जिन्याच्या वरची खोली काढायचीय हो," असं म्हणून तिने नोकरी सोडली. घरी काम सुरू केलं, आणि वर्षभर लोकांच्या गच्च्या आणि कुंपणं काढल्यावर तिला एक खरं काम मिळालं. गावातल्या वाचनालयाची नवी इमारत! अट एकच, सगळे नकाशे ठरल्या बुधवारी समितीपुढे मांडायचे. नाही जमलं, तर काम जायचं त्याच जुन्या साहेबांकडे.

आणि एका दुपारी वीज गेली. आली तेव्हा तळमजला नाहीसा झाला होता. सूनबाई उठली. स्वयंपाकघरात गेली आणि टोपलीभर कांदे चिरत बसली, म्हणजे डोळ्यांतल्या पाण्याचं कारण कोणी विचारायला नको. त्या कांद्यांचं पुढे काय करायचं या विचारात असतानाच माझ्या मनाने घेतलं, की हे पुन्हा होऊ द्यायचं नाही.

इथे माझ्याविषयी दोन शब्द सांगणं भाग आहे, आणि ते मी मोठ्या आनंदाने सांगते. मी वकिलांच्या कचेरीत टंकलेखिका होते. कार्बन घातल्याशिवाय मी जन्मात एक कागद टाइप केला नाही. मूळ कागद साहेबाचा, नक्कल आपली, हा आमचा धर्म. साहेब कागद हरवत, पक्षकार हरवत, एकदा तर न्यायालयाने हरवला. मी खण उघडायचे आणि नक्कल काढून द्यायचे. म्हणून जेव्हा नातीने मला "आजी, याला बॅकअप म्हणतात" असं ऐटीत समजावलं, तेव्हा मी म्हटलं, "बाळ, तू जन्मायच्या आधीपासून माझी बोटं त्याने निळी झालीत."

पण देवाने जोड्या जुळवताना थोडी गंमत केलेली असते. आमचे हे नोंदणी कार्यालयात होते, आणि तेही दुबार शाखेत. एकच नाव यादीत दोन ठिकाणी आलं की त्यातलं एक शोधून खोडायचं, हे ह्यांचं आयुष्यभराचं काम. मी जन्मभर दोन-दोन प्रती काढल्या आणि ह्यांनी जन्मभर दुसरी खोडली. घरात दोन छत्र्या दिसल्या की एक देऊन टाकत. दोन कात्र्या दिसल्या की अस्वस्थ होत. समोरच्या बिऱ्हाडातल्या जुळ्या मुलांकडेही ते जरा संशयानेच बघत.

लेकीला फोन केला. ती म्हणाली, "आई, मी एक बाहेरून जोडायची डिस्क पाठवते. पण ती सगळ्यांची हं! दादाने एकट्याने बळकावायची नाही." आणि दादाने बळकावू नये म्हणून तिने पार्सलवर नाव घातलं : 'समस्त कुटुंब'.

पार्सलच्या खिडकीवरचा कारकून चष्मा पुसून माझ्याकडे बघत राहिला.

"'समस्त कुटुंब' तुम्ही?"

"त्यातली एक."

"बाकीचे?"

"घरी आहेत."

"त्यांनाही आणा. ओळखपत्रासकट. ज्याच्या नावाचं पार्सल, त्याच्याच हातात द्यायचं असा नियम आहे."

"अहो, एवढासा डबा. तो काय सगळ्यांनी मिळून धरायचा?"

"धरा कसाही. सही मात्र प्रत्येकाची लागेल."

दुसऱ्या दिवशी आम्ही समस्त निघालो. मुलाने अर्धा दिवस रजा टाकली, नात शाळेचं कार्ड गळ्यात अडकवून आली, सूनबाईच्या कानामागे पेन्सिल तशीच राहिली होती. हे यायला तयार नव्हते. पण सरकारी खिडकी म्हटल्यावर इस्त्रीचा सदरा घालून सगळ्यांच्या पुढे चालू लागले. कारकुनाने आम्हाला ओळीने उभं केलं, कार्डांशी तोंडं ताडून पाहिली आणि विचारलं, "समस्त म्हणजे एवढेच, हे कशावरून?"

मी तोंड उघडणार, तोच हे म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं. उद्या सहावा येऊन उभा राहिला तर?"

"तेच म्हणतोय मी!" कारकुनाचा चेहरा फुलला. "पाठवणारीचं आडनाव वेगळं दिसतंय. ती कुटुंबात धरायची का?"

"मुलगी आहे. लग्न झालं तिचं."

"म्हणजे नाव कमी झालं."

"कमी झालं," हे म्हणाले, "खोडलेलं नाही."

मग त्या दोघांच्या नियमांवर अशा काही गप्पा रंगल्या, की मागच्या रांगेतल्या माणसांनी आम्हाला मनात काय काय म्हटलं असेल ते मी लिहीत नाही. शेवटी एका सहीच्या चौकोनात आम्ही पाच सह्या कोंबल्या. नातीची चौकोनाबाहेर जाऊन शिक्क्यावर चढली. डबा मुलाच्या हातात पडला. त्याने लगेच त्याचा फोटो काढला.

आता आमचे शेजारी कॅप्टन यांची ओळख करून देते. ते कधी बोटीवर चढले नव्हते. रहिवाशांच्या कॅरम संघाचे कप्तान होते, एवढंच. पण कुठल्याही संकटात सुकाणू आपल्या हाती घ्यायची त्यांना सवय. डिस्क आल्याचं कळताच ते चहाच्या वेळेला हजर झाले.

"वहिनी, केबल आखूड आहे तुमची. टेबलाखालच्या कॉम्प्युटरच्या डब्यापर्यंत ताणली जातेय. डबा वर घ्या."

"वर कुठे?"

"स्टुलावर!"

आमचं स्टूल जुनं. त्याचा एक पाय बाकीच्या तिघांशी कधीच पटवून घेत नसे. कॅप्टननी त्या पायाखाली घडी केलेलं पुठ्ठ्याचं झाकण सारलं, हात झटकले आणि म्हणाले, "आता भूकंप आला तरी हलणार नाही." भूकंप आला नाही, हे मी त्यांच्या बाजूने नमूद करते.

बॅकअप लावायचं काम मी दुसऱ्या कोणाला करू दिलं नाही. पुस्तिका घेतली, चष्मा चढवला आणि सकाळी सगळे बाहेर पडल्यावर बसले. पहिल्या पानापर्यंत सगळं ठीक. मग पडद्यावर पाटी आली, 'या फोल्डरसाठी आपल्याला परवानगी नाही.' मी दुसरा फोल्डर उघडून पाहिला. तिथेही नाही. ज्या घरात मी सून म्हणून आले, सासू झाले, जिथल्या प्रत्येक डब्यात काय आहे हे मी डोळे मिटून सांगते, त्या घरात मला परवानगी नाही! आणि हे मला कोण सांगतंय, तर जे मी रोज फडक्याने पुसते ते!

संध्याकाळी खुलासा झाला. प्रत्येकाचं खातं वेगळं आणि सगळ्यांच्या वर एक 'मुख्य' खातं. ते मुलाने स्वतःच्या नावाने करून ठेवलं होतं.

"या घराचा मुख्य तू?" मी विचारलं.

"आई, ते फक्त कॉम्प्युटरपुरतं."

"अरे वा! असं थोडंथोडं करूनच सुरू होतं."

"बरं, पासवर्ड देतो तुला." आणि तो डोकं खाजवू लागला. मुख्य महाशयांना पासवर्ड आठवेना. लग्नाची तारीख घालून पाहिली. सूनबाईने त्याच्याकडे रोखून पाहिलं, कारण त्याने घातलेली तारीख लग्नाची नव्हती. शेवटी नात म्हणाली, "बाबा, गाडीचा नंबर घाला." आणि दार उघडलं. त्यानंतर दोन दिवस सूनबाई गाडीचा उल्लेख 'ती' असा करत होती.

मग घरची सभा भरली. नक्कल सगळ्यांची हवी यावर एकमत. पण आपलं दुसऱ्याने पाहायचं नाही, यावर त्याहून मोठं एकमत. डिस्कवर पाच कुलपं लावणं माझ्या पुस्तिकेच्या शक्तीबाहेरचं होतं. तेव्हा असं ठरलं, की डिस्क उघडी राहील, दर शनिवारी आपोआप नक्कल पडेल आणि एकमेकांच्या फोल्डरात डोकावणार नाही अशी प्रत्येकाने शपथ घ्यायची. शपथा झाल्या. हे मात्र वर्तमानपत्र घेऊन उठले.

"एकाच घरात, एकाच टेबलावर, तीच वस्तू दोनदा! आमच्या कार्यालयात याला गुन्हा म्हणायचे. या यंत्राशी माझा संबंध नाही."

"शपथ तरी घ्या."

"संबंध नाही त्याची शपथ कसली?"

मला वाटलं, सुटलो. माणसाने शपथ घेतली नाही याचा अर्थ काय होतो, हे आयुष्यभर वकिलांत राहूनही मला त्या क्षणी सुचलं नाही.

शनिवार-शनिवार करत नकला पडत गेल्या. मी सकाळी डिस्कवरचा हिरवा दिवा बघायचे आणि मगच चहा घ्यायचे. कामवाल्या बाईपासून दातांच्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना मी विचारलं, "तुमच्याकडे बॅकअप आहे का?" लोक मला टाळू लागले होते, पण मोठं काम करणाऱ्याच्या वाट्याला ते यायचंच.

नकाशे मांडायच्या बुधवारच्या आधीचा सोमवार उजाडला. कॅप्टन एका पाहुण्याला घेऊन आले. "या, तुम्हाला आमच्या देखरेखीखाली झालेलं काम दाखवतो," असं म्हणत त्यांनी कॉम्प्युटरच्या डब्यावर, घोड्याच्या पाठीवर मारावी तशी, एक शाबासकीची थाप मारली. पुठ्ठ्याचं झाकण सटकलं. स्टुलाच्या चौथ्या पायाने इतक्या वर्षांचा राग काढला. डबा जमिनीवर आला तेव्हा जो आवाज झाला, तो ऐकून नात आतून ओरडली, "आजी पडली?"

आमच्या भागात कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला सगळे 'यमदूत' म्हणत, कारण तो आला की वस्तू गेलीच. त्याने डबा उघडला, कान लावला, आणि खालच्या आवाजात म्हणाला, "आतली डिस्क गेली. घरच्यांना सांगायला हरकत नाही."

सूनबाई भिंतीला टेकली. आणि मला काय सांगू, त्या क्षणी मी अशी शांत होते! सगळी कचेरी कागद शोधत धावपळ करत असताना मी खणाच्या किल्लीला हात घालायचे, तेव्हा जशी असायचे तशी. "काही काळजी करू नकोस," मी म्हणाले. "कॅप्टन, तुमचा कॉम्प्युटर चालू करा. आम्ही येतोय." कॅप्टन आधीच अर्धे झाले होते. ते धावत गेले.

डिस्क जोडली. मुलाचे फोटो आले, मीटरसकट. नातीचा अभ्यास आला, न-अभ्यासही आला. माझी पत्रं आली. सूनबाईचा फोल्डर उघडला. रिकामा!

बंद करून पुन्हा उघडला. रिकामा. यमदूत म्हणाला, "याच्यात कधी काही नव्हतंच." नात म्हणाली, "नाही हो, शनिवारी मी—" आणि तिने ओठ मिटले, कारण शपथ तिनेही घेतली होती. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.  जगभर बॅकअपचा डंका पिटणारी बाई, आणि जिच्यासाठी सारा खटाटोप, नेमका तिचाच फोल्डर मोकळा!

घरी आलो. हे खुर्चीत वर्तमानपत्रामागे होते. सूनबाई पाणी प्यायली आणि अगदी सरळ आवाजात म्हणाली, "आई, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. मी उद्या जुन्या साहेबांना फोन करते. त्यांना जिन्याला माणूस लागतोच."

वर्तमानपत्र खाली आलं.

"का? वाचनालयाचं काय झालं?"

"नकाशे गेले, बाबा."

"कोणते गेले? मूळ की दुबार?"

आम्ही सगळे त्यांच्याकडे वळलो.

"दोन्ही गेले," मुलगा म्हणाला.

"दुबार कसे जातील? ते माझ्याकडे आहेत." हे उठले, पलंगाखालून बुटांचं खोकं ओढलं आणि त्यातून सीड्या काढल्या, प्रत्येक जुन्या कागदाच्या पाकिटात, दोऱ्याने बांधलेली.

हकीकत अशी होती. रविवारी आम्ही सगळे नातेवाइकांकडे गेलो होतो. घरी हे एकटे, आणि सूनबाईचं खातं उघडं राहिलेलं. हे सहज बघायला बसले, तर प्रत्येक नकाशा दोनदा! कॉम्प्युटरवर तळमजला, डिस्कवर पुन्हा तळमजला. हाडाचा दुबारवाला, राहवेल कसं? बाकीच्यांचा पसारा बघून त्यांनी तो पुढच्या रविवारवर टाकला. पण सूनबाईची नावं कशी नीटनेटकी, क्रमाने लावलेली. दुबार सिद्ध करायला सोपी. म्हणून पहिली शाखा तिची घेतली. मुलगा फोटो सीडीवर कसे उतरवतो हे त्यांनी वर्तमानपत्राच्या कडेवरून शिकून घेतलं होतंच.

"खोडलंत?" माझा आवाज चढला. "माझी नक्कल खोडलीत?"

"खोडायची पद्धत असते," हे म्हणाले. "खोडलेलं नाव फाडून टाकत नाहीत. वेगळ्या गठ्ठ्यात, वेगळ्या कपाटात, वर्षभर जपून ठेवायचं. उद्या माणूस येऊन ओरडला, की मी जिवंत आहे, माझं नाव का काढलं, तर? किती आलेत असे! सगळ्यांना परत घातलंय मी."

सूनबाईने ते खोकं दोन्ही हातांनी घेतलं. आणि आमच्या घरात जे कधी होत नसे ते झालं. ती ह्यांच्या खांद्यावर डोकं टेकून हसायला लागली. कांदे न चिरता डोळ्यांतून पाणी. हे अवघडून छताकडे बघत राहिले.

मी त्यांना माफ केलं का? मुळीच नाही. माझ्या व्यवस्थेत न शपथ घेता हात घातल्याबद्दल मी त्यांच्याशी मंगळवार संध्याकाळपर्यंत बोलले नाही. पण न बोलता त्यांच्या चहात साखर जास्त घातली, ते त्यांना कळलं.

मंगळवारभर सूनबाई कॅप्टनच्या घरी बसून शनिवारच्या नकलेनंतरचं गेलेलं काम पुन्हा काढत होती. कॅप्टन दाराबाहेर खुर्ची टाकून बसले होते. कोणी आलं की ओठांवर बोट. बुधवारी सकाळी छापखान्यातून नकाशांच्या गुंडाळ्या थेट समितीपुढे गेल्या. उलगडून बघायला कोणाला वेळ होता?

अध्यक्षांनी पहिला नकाशा पसरला. मी मागच्या बाकावर होते. मला कोणी बोलावलं नव्हतं, पण टाइप केलेला कागद पोचला की नाही हे बघितल्याशिवाय मला झोप येत नाही. अध्यक्ष बराच वेळ खालच्या कोपऱ्याकडे बघत राहिले. मग दुसरा पसरला, तिसरा पसरला.

"बाई, प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात हे काय छापलंय? 'दुबार–रद्द'?"

 छापताना कागदाच्या कोपऱ्यात नकाशाच्या फाइलचं नाव आपोआप उमटायचं. आणि ह्यांनी सीडीवर उतरवताना नियमाप्रमाणे प्रत्येक खोडलेल्या नावापुढे शेरा मारून ठेवला होता!

सूनबाईची पापणीही लवली नाही. "तो तपासणीचा शेरा आहे, सर. आमच्याकडे प्रत्येक नकाशा दुसऱ्यांदा तपासला जातो. तपासणारे नोंदणी कार्यालयातून निवृत्त झालेत. त्यांच्या हातून काही सुटत नाही."

"दोनदा तपासता?" अध्यक्ष बाकीच्यांकडे वळले. "बघा! आणि ते मोठ्या ऑफिसवाले साहेब एकदासुद्धा तपासत नाहीत."

काम मिळालं. त्या दिवशी परत येताना मी जिन्यावरून नाही, हवेतून चालत आले असं सूनबाई अजून सांगते. मी नाकारत नाही.

आता ते स्टूल नाही. कॅप्टननी ते मागून नेलं आणि स्वतःच्या हाताने चौथा पाय बसवून आणला. त्यावर बसले आणि पडले. त्यानंतर त्यांनी सल्ले देणं कमी केलं, म्हणजे ते दुसऱ्या गावी राहायला गेले. यमदूताने पुढे मोबाइल दुरुस्तीचं दुकान काढलं. ते नीट चाललंय असं ऐकते, आश्चर्य आहे. पार्सलच्या कारकुनाची आणि ह्यांची चांगली गट्टी जमली. नियम बदलले की दोघं बागेतल्या बाकावर बसून हळहळायचे. मुलगा 'मुख्य' राहिला नाही. ते खातं मी माझ्याकडे घेतलं आणि पासवर्ड त्याच्या लग्नाच्या खऱ्या तारखेचा ठेवला, म्हणजे तोही विसरणार नाही. नात आता मोठ्या कंपनीत हेच काम करते, हजारो माणसांच्या नकला सांभाळते. मी फोनवर विचारते, "खोडलेलं वेगळ्या कपाटात ठेवता ना?" ती म्हणते, "हो आजी, आमच्याकडे तसा नियमच आहे." मला वाटतं, तो आमच्याच घरून गेला असावा.

सूनबाईने नंतर पुष्कळ इमारती काढल्या. जिने ती आता हाताखालच्या माणसांना देते, पण प्रत्येकाला एक खोलीही देते.

हे गेल्याला आता काही वर्षं झाली. मी आठवड्यातून एकदा वाचनालयात जाते. दारातून आत शिरलं की समोर संगमरवराची पाटी आहे. तिच्यावर अध्यक्षांचं नाव आहे, समितीतल्या सगळ्यांची नावं आहेत, सूनबाईचंही आहे. ह्यांचं नाही, आणि असायचं कारणही नाही. पण पाटीच्या शेजारी तो पहिला नकाशा चौकटीत लावलाय. लोक तो बघून पुढे जातात. मी मात्र चष्मा लावते, खाली वाकते, आणि उजव्या कोपऱ्यातले ते दोन बारीक शब्द वाचून घेते. परवा ग्रंथपालबाईंनी विचारलं, "आजी, दर वेळी काय बघता हो तिथे?"

मी म्हटलं, "आमच्या ह्यांची सही."